हिला उचलता यावं म्हणून

इंदूरच्या हॉस्पिटलातून बायकोला आमच्या गावी घरी आणलं, त्याच्या दुसऱ्याच सकाळी आम्ही दोघं पलंग आणि खुर्चीच्या मधल्या जागेत पडलो. पडलो म्हणण्यापेक्षा घसरत खाली बसलो. हिच्या काखेत हात घालून हिला पलंगावरून चाकांच्या खुर्चीत बसवायचं होतं. अंतर जेमतेम हातभर. पण हिचे पाय जमिनीला टेकले तरी त्यांत जोर नव्हता. सगळा भार माझ्या हातांवर आला आणि कोपरांतलं बळ एकदम गेलं. ही माझ्या छातीवरून हळूहळू खाली सरकत गेली. मला ते कळत होतं, दिसत होतं, आणि थांबवता येत नव्हतं.

"लागलं का गं?"

"नाही. तुम्हाला?"

"नाही."

मग आम्ही तसेच बसून राहिलो. हिचं डोकं माझ्या खांद्यावर, आणि माझी पाठ पलंगाच्या लाकडाला. फोन दुसऱ्या खोलीत वाजत होता. थोड्या वेळाने ही म्हणाली, "आता काय करायचं?" मी खिडकीकडे तोंड करून शेजाऱ्यांना हाक मारली. शेजारचे गृहस्थ आणि त्यांचा भाऊ धावत आले. "अरे भाभीजी, कुछ नहीं, कुछ नहीं," म्हणत दोघांनी हिला अलगद उचलून खुर्चीत ठेवलं. ही त्यांना हसून "थँक्यू भैया" म्हणाली. ते गेल्यावर मात्र तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

हिचा आजार नसांचा होता. आधी पायांना मुंग्या आल्या, मग जिना चढता येईना, आणि आठवडाभरात हात-पाय दोन्ही निकामी झाल्यासारखे झाले. डॉक्टरांनी समजावलं की शरीर कधीकधी स्वतःच्याच नसांवर उलटतं. औषधांनी ते थांबलं. गेलेली ताकद बहुतेकांची परत येते, पण हळूहळू, आणि किती येईल ते आधी सांगता येत नाही. "धीरज रखिए," ते म्हणाले. मी मान डोलावली. डोक्यात मात्र एकच प्रश्न होता, तोवर हिला उचलणार कोण?

दिवसा एक बाई यायच्या. दणकट होत्या, हिला सहज फिरवायच्या. पण त्या सकाळी उशिरा यायच्या आणि दिवेलागणीला जायच्या. उरलेल्या वेळात मीच. मुलगी पुण्याला, तिची नोकरी नवी. तिने सुट्टी काढली होती तेवढी हॉस्पिटलातच संपली होती.

आणि मी कसा होतो? बँकेतून रिटायर झालेला, काटकुळा, पोट तेवढं पुढे आलेला माणूस. आमचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी दफ्तरात कारकुनी करायला म्हणून इकडे माळव्यात आलं आणि इथलंच झालं. पणजोबा कारकून, आजोबा कारकून, वडील मास्तर, मी बँकेत. आमच्या घरात लेखणीपेक्षा जड काही कुणी उचललं नव्हतं, आणि त्याचा आम्हाला थोडा अभिमानच होता.

त्या सकाळनंतर मला भीतीने धरलं. हिला उठवायची वेळ जवळ आली की माझी धावपळ सुरू व्हायची. मी पलंगाजवळची जमीन पुन्हा पुन्हा पुसायचो, पायपुसणं बाजूला करायचो, खुर्चीचे ब्रेक तपासायचो, परत तपासायचो. पलंगाच्या बाजूला उशा मांडून ठेवायचो. हिला उचलताना माझा श्वास अडकायचा आणि खुर्चीत बसली की पाय लटपटायचे. ही पडायची नाही. डोळे मात्र घट्ट मिटून घ्यायची.

मग हिला ताप आला. डॉक्टरांनी तपासलं, लघवीत इन्फेक्शन निघालं. "पानी कम पी रही हैं," ते म्हणाले. मला आश्चर्य वाटलं, कारण मी रोज हिच्या उशाशी भरलेला तांब्या ठेवत होतो आणि तो रिकामा होत होता. घरी आल्यावर कामाच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "बाबूजी, आंटी मुझसे फिंकवा देती हैं. मेरे सामने दोपहर में एक गिलास पीती हैं, बस."

मी हिच्याजवळ जाऊन बसलो. "का गं?"

ती छताकडे पाहत होती. "पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं," ती म्हणाली. "बाई असतात तेव्हा ठीक आहे. बाकीच्या वेळी तुम्हाला उचलावं लागतं."

"मग उचलीन ना."

"तुमचे हात थरथरतात हो. मला कळतं."

त्या दुपारी मी घरात बसू शकलो नाही. बाई होत्या, म्हणून आमच्या माधव नगर भागात उगाच फिरत राहिलो. दुकानं, रिक्षा, पोह्यांच्या गाड्या, काही दिसत नव्हतं. माझी बायको माझ्या भीतीने तहानलेली राहते, एवढंच डोक्यात घोळत होतं.

फिरता फिरता मला आठवण झाली ती खेळाच्या ताईंची. आमच्या इथल्या मराठी मंडळींत त्यांना सगळे ताईच म्हणतात. सरकारी मुलींच्या शाळेत खेळ शिकवायच्या आणि तरुणपणी वजन उचलण्याच्या स्पर्धांत उतरायच्या. आता रिटायर झाल्यावर त्यांनी घराच्या वरच्या मजल्यावर छोटी व्यायामशाळा काढली होती. गणपतीच्या कार्यक्रमात त्या भेटायच्या तेव्हा मी नमस्कार करून पुढे जायचो, कारण बोलायचं काय हा प्रश्न पडायचा. त्या दिवशी मी सरळ त्यांचा जिना चढलो आणि सगळं सांगून टाकलं, पाण्याचंसुद्धा.

ताईंनी ऐकून घेतलं. सहानुभूतीचं एक अक्षर बोलल्या नाहीत. कोपऱ्यातली एक साधी खुर्ची पुढे ओढली.

"भाऊ, बसा. आता हात छातीवर घ्या आणि कशाला न धरता उठून दाखवा."

मी उठायला गेलो. अर्ध्यावर डुगडुगलो आणि धपकन परत बसलो.

"बिल्कुल ठीक," त्या म्हणाल्या. "तुम्हाला स्वतःलाच उचलता येत नाहीये. मग वहिनींना कसं उचलाल? आधी डॉक्टरांकडून बी.पी. आणि हार्ट बघून घ्या. ते हो म्हणाले की या."

डॉक्टर हो म्हणाले. पहिल्या दिवशी ताईंनी माझ्या हातात फक्त झाडूचा दांडा दिला. मला वाटलं चेष्टा करताहेत. त्यांनी तो माझ्या पाठीवर उभा धरायला लावला, डोक्याला, पाठीला आणि माकडहाडाला टेकेल असा, आणि मग कमरेतून वाकायला सांगितलं. वाकलो की दांडा पाठीवरून सुटायचा.

"बघा, पाठ गोल होतेय. वजन पाठीने नाही उचलायचं, मांड्यांनी आणि कुल्ल्यांनी उचलायचं. शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू तिथे आहेत आणि तुम्ही आयुष्यभर त्यांच्यावर बसून राहिलात."

कितीतरी दिवस हेच चाललं. वाकणं, खुर्चीत बसणं, उठणं. मग छोटी आट्याची पिशवी छातीशी धरून उठणं, आणि नंतर थोडी मोठी पिशवी. "जे उचलायचं ते अंगाला चिकटवून धरा," ताई म्हणायच्या. "लांब धरलं की हलकी वस्तूही जड होते. आणि श्वास! उचलायच्या आधी पोटात श्वास भरा, पोट घट्ट करा. तुम्ही घाबरून वरच्या वर श्वास घेता. त्याने काय होणार?"

मला घाई होती. घरी ही पाणी न पिता पडलेली आणि मी इथे आट्याच्या पिशव्या कुरवाळतोय, या विचाराने मी कासावीस व्हायचो. एकदा मी म्हणालो, "ताई, रोज आलो तर चालेल? दिवसातून दोनदा येतो."

"नाही. एक दिवसाआड." त्यांनी मला खाली बसवलं. "ताकद व्यायाम करताना वाढत नाही, भाऊ. व्यायामाने स्नायू थकतो, थोडा तुटतो. मग तुम्ही जेवता, झोपता, तेव्हा तो दुरुस्त होतो आणि पहिल्यापेक्षा जरा पक्का होतो. आरामच नाही दिला तर दुरुस्ती कधी होणार? घरी डाळ नीट खाता का? दाणे, चणे, दही?"

मी चहा-पोह्यांवर दिवस काढत होतो. ते सुधारलं.

त्याच दिवशी त्या त्यांच्या वडिलांविषयी बोलल्या. वडिलांचा जुन्या शहरात, नदीच्या अंगाला आखाडा होता. तिथे भिंतीला मुद्गरांच्या जोड्या ओळीने उभ्या असायच्या, अगदी पोराला पेलतील अशा हलक्यांपासून ते दोन माणसांनी सरकवाव्या लागतील अशांपर्यंत. नवा माणूस आला की उस्ताद त्याला पहिली जोडी द्यायचे, आणि ती खेळण्यासारखी फिरायला लागली की पुढची. दगडाची नालही होती, मधे मूठ कोरलेली. ती उचलली की उचलली, नाहीतर नाही. "आजकाल जिममध्ये ज्याला प्रोग्रेशन म्हणतात ना, ते त्या भिंतीवर मांडलेलंच होतं," ताई म्हणाल्या. "मी दारातून बघायचे. आत मातीत पाय ठेवायची मुलींना मनाई होती. आई रोज दोन-दोन हंडे पाणी जिन्यावरून वर न्यायची, तिला कुणी पहलवान म्हणायचं नाही."

"मग तुम्ही कुठे शिकलात?"

"कॉलेजात. तिथे एक लोखंडी बार आला, प्लेटा लावायचा. वापरायला कुणी नव्हतं. त्याची एक गोष्ट मला फार आवडली. दगड जेवढा आहे तेवढाच असतो, पण बारला इवलीशी प्लेट वाढवता येते. कालच्यापेक्षा थोडंसंच जास्त. त्या थोड्याशावर मी स्टेटच्या स्पर्धेपर्यंत गेले."

मी घरी येऊन हे सगळं हिला सांगितलं. ही ऐकत होती. मग म्हणाली, "तुम्ही जिमला जाता हे पुण्याला कळलंय का?" कळलं तेव्हा मुलगी फोनवर रडवेली झाली. "बाबा, या वयात? तुमचीच पाठ गेली तर? आपण कामाला दोन बाया ठेवू ना. नाहीतर दोघं इकडेच या." ती चुकीचं बोलत नव्हती. मलाही तीच धास्ती होती, रोज.

आणि ती खरी झालीच. एक दिवस गॅस संपला, आणि मी भरलेलं सिलिंडर स्वयंपाकघरात उचलून ठेवायला गेलो, जुन्याच सवयीने, पाय सरळ आणि पाठ गोल करून. कमरेत वीज चमकल्यासारखं झालं. मी ओट्याला धरून उभा राहिलो, पुढे पाऊल टाकता येईना. बाहेरच्या खोलीतून ही विचारत होती, "काय झालं? काय झालं हो? बोला ना." मला बोलताही येत नव्हतं. हिला तिकडून उठून येता येत नाही आणि मला इथून जाता येत नाही, ही जी अवस्था होती, तिच्याइतकी मोठी भीती मी आयुष्यात अनुभवलेली नाही.

पाठ नुसतीच मुरगळली होती, आत काही बिघडलं नव्हतं. पण ते दिवस शेजारच्या भावांनी आणि बाईंनी निभावून नेले. ही पुन्हा पाणी कमी प्यायला लागली. मी पाहत होतो आणि रागवूही शकत नव्हतो.

ताई घरी आल्या. मला वाटलं त्या म्हणतील, बंद करा आता. त्या म्हणाल्या, "पिशवी कशी उचलता आणि सिलिंडर कसं उचललंत? वजनाला काय माहीत तुम्ही व्यायामशाळेत आहात की स्वयंपाकघरात? पाठ मोकळी झाली की झाडूच्या दांड्यापासून परत सुरू." मग त्या हिच्या पलंगावर बसल्या. हिचा पाय हातात घेऊन म्हणाल्या, "वहिनी, माझा हात ढकला बरं." हिने ढकलला. ताईंचा हात जरासा मागे सरकला, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी परत सुरुवातीपासून सुरू केलं. पुढे फिजिओथेरपीच्या मॅडमनी एक रुंद पट्टा दिला, हिच्या कमरेला बांधायचा, दोन्ही बाजूंना पकडायला मुठी असलेला. उचलायचं कसं ते ताईंनी आणि त्यांनी मिळून आम्हा दोघांना शिकवलं. माझे गुडघे हिच्या गुडघ्यांना टेकलेले, माझी पाठ सरळ, हिची हनुवटी माझ्या खांद्यावर. ओढायचं नाही. मी मागे झुकायचं आणि पायांनी उठायचं, की ही आपोआप वर येते. "और माताजी, आप भी पैर से जमीन को दबाइए," मॅडम सांगायच्या. "जितना दबे उतना."

एका सकाळी बाई यायच्या आधीच मी हिला उठवायला गेलो. पट्टा बांधला. ब्रेक तपासले. एकदाच. पोटात श्वास भरला. "तयार?" "हं." आणि मी उठलो, आणि ही वर आली. इतकी सहज वर आली की मी घाबरलो. वाटलं, काहीतरी सुटलं, पट्टा निसटला. पण ही माझ्यासमोर उभी होती. आम्ही दोघं उभे होतो. खुर्चीकडे वळायचं होतं, पण मी वळलोच नाही.

"अहो," ही माझ्या कानाशी म्हणाली, "आज तुम्ही केवढ्या जोरात उचललंत."

"मी? मला वाटलं तू पाय लावलेस."

"मी नेहमीसारखेच दाबले."

आम्ही एकमेकांना धरून तसेच उभे राहिलो. कुणाची ताकद वाढली ते आम्हाला कळेना. मग ही रडायला लागली. रडताना ती हलू नये म्हणून मी तिला घट्ट धरून ठेवलं, आणि मनात एकीकडे हेही चाललं होतं की आता हिला खुर्चीत बसवायला हवं, माझे पाय किती वेळ टिकतील? बसवलं. मी स्वयंपाकघरातून पाणी आणलं. हिने पेला दोन्ही हातांत धरला, बोटं अजून नीट वळत नव्हती, आणि सगळं पाणी प्यायली. मग म्हणाली, "अजून द्या."

त्यानंतर ताई हिच्याही मागे लागल्या, पण फार सांभाळून. या आजारात जास्त दमवलं तर उलटं होतं हे त्यांनी मॅडमना विचारून घेतलं होतं. हिला थोडंसं करायला लावायच्या आणि थकवा यायच्या आत थांबवायच्या. पलंगाची उंची विटा लावून वाढवली, म्हणजे उठणं सोपं झालं. ते जमायला लागलं की थर कमी केला. मग खुर्ची. मग वॉकर धरून उभं राहणं. काही आठवडे काहीच पुढे सरकायचं नाही. अशा वेळी मी डॉक्टरांना फोन करायचो, ताईंना फोन करायचो, मुलीला मात्र सांगायचो की सगळं मस्त चाललंय. ही म्हणायची, "तुमचा चेहरा बघून मला वाटतं माझं काही खरं नाही."

आता ही काठी घेऊन चालते. उजवं पाऊल थोडं खाली लोंबतं, म्हणून त्याला आधाराची पट्टी लावावी लागते. ब्लाउजचे हूक मी लावतो. डॉक्टर म्हणतात, आणखी सुधारेल, पण किती ते ते आजही सांगत नाहीत. आम्ही दोघं एक दिवसाआड ताईंकडे जातो. तिथे मी बार उचलतो. आधी फक्त रिकामा बार, मग इवल्या प्लेटा. ताईंकडे शिकणारी पोरं शेजारी माझ्या तिप्पट वजन उचलत असतात. मला त्याचं काही वाटत नाही. माझ्या पायाला अजून कंप सुटतो, पण त्याचं कारण आता वजन असतं.

भीती गेली, असं मात्र मी म्हणणार नाही. बाथरूमचं दार थोडं जरी जास्त वेळ बंद राहिलं तरी मी बाहेर जाऊन उभा राहतो. ती आतून ओरडते, "मी ठीक आहे, जा तुम्ही."

मागच्या आठवड्यात हिला भैरवगढला, मेण लावून कापड रंगवणाऱ्यांच्या वस्तीत, जायचं होतं. मुलीकडे पाठवायला चादर घ्यायची, तीही स्वतः निवडून, आजारपणाआधी घ्यायची तशी. मी म्हणालो, मी जाऊन फोटो पाठवतो. ती म्हणाली, "कापड हाताला लागायला हवं." रिक्षाने गेलो. तिच्या आवडीच्या छपाईवाल्याचा ओटा चांगलाच उंच निघाला, दोन पायऱ्या आणि कठडा नाही. आत ओले कपडे वाळत होते, मेण आणि रंगाचा वास येत होता. दुकानदार उठून पुढे आला, "आइए, मैं पकड़ लूँ?" ही नको म्हणाली. तिने काठी माझ्याकडे दिली, एक हात चौकटीच्या लाकडावर ठेवला आणि डावा पाय पहिल्या पायरीवर टेकवला.

मी तिच्या मागे दोन्ही हात पसरून, गुडघे वाकवून, पोट आवळून उभा राहिलो.

मागे न बघताच ती म्हणाली, "हात खाली घ्या हो. तुम्ही असे उभे राहिलात की मला वाटतं मी पडणारच आहे."

मी हात खाली घेतले. काठी मुठीत घट्ट धरली. हिने पायावर भार टाकला, एक क्षण अडखळली. पण ती वर गेली. मग दुसरी पायरी. मग आत शिरून दुकानदाराला म्हणाली, "भैया, वो लाल वाली निकालो. नीचे वाली. हाँ, वही."

मी अजून खालीच उभा होतो.